क्लासमधलं फील्ड आधी लिहून ठेवायचं का नाही? एका अक्षरापायी ३२ किलो सोयाबीन गेलं

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. थोडं लांब होईल पण पूर्ण वाचा, कारण प्रश्न कोडचा असला तरी पैसे शेतकऱ्याचे गेलेत.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचं सॉफ्टवेअर मीच लिहिलेलं हाय, पीएचपी या भाषेत, २०१९ पासून चालू. माल आला की काटा होतो, कट्टे मोजतात, सौदा होऊन भाव लागतो, हमाली-तोलाई वजा होते अन् शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते, एवढंच त्याचं काम. मागच्या आठवड्यात होस्टिंगवाल्यानं जुनी पीएचपी बंद केली म्हणून ७.४ वरून एकदम ८.२ वर जावं लागलं, अन् गेलो की प्रत्येक पानाच्या डोक्यावर इशाऱ्यांची रांग. 'क्रिएशन ऑफ डायनॅमिक प्रॉपर्टी अमुकतमुक इज डेप्रिकेटेड', म्हणजे क्लासमध्ये न लिहिलेलं फील्ड ऐन वेळी आपोआप तयार होणं पुढं बंद होणार. सोयाबीनचा हंगाम, दुकानासमोर ट्रॅक्टर लागलेले, म्हणून त्या रात्री मी इशारे स्क्रीनवर दिसायचे बंद केले अन् फक्त लॉगला जाऊ दिले.

दोन दिवसांनी निवांत लॉग उघडला. बहुतेक ठिकाणी मी फील्ड (माहितीचा नाव दिलेला कप्पा) क्लासमध्ये (अशा कप्प्यांच्या साच्यात) वर लिहायचंच विसरलो होतो, काम मात्र चालू होतं. पण एका ओळीवर येऊन हात थांबला. पट्टी क्लासमध्ये वजनाचं फील्ड मी व्हीनं लिहिलंय, व्ही-ए-जे-ए-एन. अन् फेरकाट्याचा फॉर्म सेव्ह होतो तिथं डब्ल्यूनं, डब्ल्यू-ए-जे-ए-एन.

म्हणजे काय झालं बघा. शेतकऱ्यानं वजनाला हरकत घेतली, पुन्हा काटा केला, मुनीमानं नवं वजन कॉम्प्युटरला टाकलं, तर ते नवं वजन डब्ल्यूवाल्या नव्याच फील्डात जाऊन बसलं. सेव्ह झाल्यावर स्क्रीनवर तेच डब्ल्यूवालं दिसायचं, त्यामुळं मुनीमाला वाटायचं झालं काम. पण पट्टी छापताना भाव गुणिले व्हीवालं वजन. जुनंच. ना एरर ना काही. जुन्या पीएचपीला त्यात काही वावगंच वाटत नव्हतं.

एका पट्टीची चिठ्ठी शोधून काढली. पहिला काटा १८ क्विंटल ४० किलो, फेरकाटा १८ क्विंटल ७२ किलो, भाव क्विंटलला ४,२००. ३२ किलोचे १,३४४ रुपये होतात. एवढ्यात त्या माणसाचं कापणीच्या दोन बायांचं दोन दिवसांचं भागलं असतं. फेरकाट्याचा फॉर्म मी २०२३ च्या हंगामात जोडलाय, म्हणजे हे किती पट्ट्यांत झालंय ते आता मोजूलालो.

आता विचारायचं ते. एक मित्र म्हणतो क्लासच्या डोक्यावर 'अलाऊ डायनॅमिक प्रॉपर्टीज' हा अ‍ॅट्रिब्यूट लाव, सगळे इशारे जातील. मला ते पटेना. दुसरं, फील्ड वर लिहायचं तर शून्य टाकून ठेवायचं (जी लिहिलीत त्यांना मी तसंच टाकलंय) का रिकामं सोडायचं? अन् फील्ड आहे का, भरलंय का, हे तुम्ही लोक कुठं अन् कसं तपासता?

गोदाकाठ

भाऊ, तो अ‍ॅट्रिब्यूट लावू नका. निदान या क्लासला तरी नको. ज्या इशाऱ्यानं तुम्हाला व्ही-डब्ल्यू दाखवून दिला तोच इशारा तुम्ही तोंड दाबून गप्प करणार, अन् तो वारशानं खालच्या क्लासांना पण लागतो. ८.२ मध्ये हे नुसतं डेप्रिकेटेड आहे, कोड चालतो. पीएचपी ९ मध्ये सरळ एरर करायचं ठरलेलं आहे. तोपर्यंत वेळ आहे तर सगळी फील्डं वर लिहून घ्या.

मी मूळचा नांदेडचा, सध्या पुण्यात जावावर काम करतो. आमच्याकडं हा प्रकार होऊच शकत नाही कारण क्लासमध्ये नसलेल्या फील्डात काही टाकायला गेलं की कंपाइलच होत नाही, म्हणजे प्रोग्राम चालायच्या आधीच अडतो. पोरं जावाला शिव्या देतात की किती लिहावं लागतं म्हणून, पण ते लिहिणं यासाठीच असतं.

मांजराकाठ

लॉगमध्ये सगळ्यात जास्त ओळी डेटाबेसच्या ठिकाणाहून येऊलाल्यात, तिथं तर मी काही टाइपच केलेलं नाही.

गोदाकाठ

टेबलातली ओळ तुम्ही सरळ ऑब्जेक्टात (क्लासच्या साच्यातून निघालेल्या एका नगात) ओतत असाल, पीडीओ या पीएचपीच्या डेटाबेस जोडणीतल्या फेच-ऑब्जेक्टनं. कॉलम आहे पण क्लासमध्ये त्या नावाचं फील्ड नाही, तर पीएचपी कॉलमच्या नावानं फील्ड तयार करून देते. तेही डायनॅमिकच झालं. एकेक कॉलम बघा, लागतो तो क्लासमध्ये लिहा, लागत नाही तो क्वेरीतून काढा. 'सिलेक्ट स्टार' (सगळेच कॉलम आणा) असेल तर तिथंच सुरुवात करा.

दुधना

मी परभणीला पदविकेच्या मुलांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड शिकवते, चौदा वर्षं झाली. हा धागा उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे, मांजराकाठ दादांची हरकत नसेल तर. पुस्तकातला 'स्टुडंट' क्लास अन् त्याचा रोल नंबर याच्यापेक्षा ही पट्टी मुलांना लगेच कळेल, निम्म्या मुलांच्या घरी अशा पट्ट्या खिळ्याला टांगलेल्या असतात.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. फील्डाचं नाव क्लासला माहीत आहे का, ही एक. अन् त्या फील्डात खरी किंमत भरली गेली आहे का, ही दुसरी. भाषा पहिलीकडं लक्ष देते म्हणून दुसरीकडं पण देते असं नाही. गोदाकाठ यांनी जावाचं सांगितलं ते खरंच आहे, पण जावात फील्डाला काही दिलं नाही तर ते गुपचूप शून्य होतं. मेथडमधला साधा व्हेरिएबल मात्र न भरता वापरला तर कंपाइलर अडवतो. मुलं दरवर्षी इथं गोंधळतात, एकाच भाषेत दोन नियम कामून म्हणून विचारतात. कारण असं की मेथड वरून खाली वाचता येते, कंपाइलरला रस्ता दिसतो. फील्ड कोण, कधी, कुठल्या मेथडमधून भरेल हे त्याला आधी कळत नाही, म्हणून तो शून्य भरून मोकळा होतो. फायनल (एकदाच भरता येणारं) लिहिलं की मग मात्र कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणारी मेथड, संपायच्या आत भरलंच पाहिजे.

पीएचपीत ७.४ पासून फील्डाला टाइप (आत आकडा राहणार का मजकूर) देता येतो अन् तिथं एक फार कामाची गोष्ट आहे. टाइप न देता फील्ड लिहिलं की त्यात सुरुवातीला नल ('काहीच नाही') असतो. टाइप दिला अन् किंमत दिली नाही, तर ते फील्ड नल पण नसतं अन् शून्य पण नसतं, ते 'अनइनिशियलाइज्ड' असतं. भरायच्या आधी कोणी वाचायला गेलं की पीएचपी तिथंच एरर फेकते. म्हणून माझं म्हणणं, वजनाला फ्लोट (दशांशाचा आकडा) टाइप द्या अन् बरोबरचं 'इक्वल टू शून्य' काढून टाका.

पायथॉनचं मी उद्या लिहिते, पेपर तपासायलेत सध्या.

लोखंडगल्ली_जालना

सी प्लस प्लसवाल्यांचं पण ऐका. मी गाड्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. भरलेली गाडी काट्यावर, मग रिकामी गाडी, वजाबाकी करून निव्वळ वजन.

आमच्याकडं फील्ड लिहिलेलं असतं, टाइप पण असतो, तरी न भरलेल्या फील्डात शून्य सुद्धा नसतं. मेमरीच्या त्या जागेत आधीचं जे काही पडलेलं असेल ते. माझ्या टेबलावर डीबगमध्ये चालवलं की नीट, काट्यावरच्या मशीनला टाकलं की कधी १२ टन कधी उणे काहीतरी. तीन रात्री घालवल्यात मी त्यात. सी प्लस प्लस ११ पासून फील्ड लिहितो तिथंच किंमत देता येते, तेव्हापासून मी एकही आकड्याचं फील्ड उघडं सोडत नाही.

अन् दुसरं त्याच्याहून वाईट. कन्स्ट्रक्टरच्या यादीत मी आधी भरलेलं, मग रिकामं, मग निव्वळ असं ओळीनं लिहिलं होतं. पण क्लासमध्ये निव्वळ हे फील्ड सगळ्यात वर होतं. सी प्लस प्लस फील्डं भरते ती क्लासमध्ये ज्या क्रमानं लिहिलीत त्या क्रमानं, तुमच्या यादीच्या क्रमानं नाही. म्हणजे निव्वळची वजाबाकी आधी झाली अन् भरलेलं-रिकामं नंतर भरलं गेलं. इशारे चालू करणारं डॅश-वॉल लावलं असतं तर जीसीसी कंपाइलरनं तेव्हाच 'रीऑर्डर' म्हणून सांगितलं असतं. आता ते लावल्याशिवाय बिल्ड करत नाही.

नांदेडचा_बीसीए

मी तिसऱ्या वर्षाला आहे, शंका विचारतो. आम्हाला प्रोजेक्टमध्ये फील्ड आहे का ते बघायला 'इस-सेट' लावा म्हणून सांगितलंय. मग प्रॉपर्टी-एक्झिस्ट्स कशाला आहे, अन् एम्प्टी कधी लावायचं?

दुधना

शंका छान आहे, अन् याचं उत्तर नीट माहीत नसल्यामुळं लई प्रोजेक्ट चुकतात.

इस-सेट दोन गोष्टी एकत्र बघतं, फील्ड आहे का आणि त्यात नल सोडून काही आहे का. फील्ड क्लासमध्ये व्यवस्थित लिहिलेलं असेल पण नल असेल तर उत्तर 'नाही'. टाइप दिलेलं पण न भरलेलं फील्ड असेल तरी 'नाही', आणि एरर येत नाही. प्रॉपर्टी-एक्झिस्ट्स फक्त नाव बघतं, आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

पण एक बारीक खोच आहे. प्रॉपर्टी-एक्झिस्ट्सला ऑब्जेक्ट दिलात तर ते डायनॅमिक फील्डाला पण 'हो' म्हणतं. म्हणजे मांजराकाठ दादांनी तपासलं असतं, तर डब्ल्यूवालं फील्ड एकदा तयार झाल्यावर त्यालाही होच आलं असतं! ऑब्जेक्टाऐवजी क्लासचं नाव दिलं की मग क्लासमध्ये लिहिलेल्या फील्डांपुरतंच उत्तर मिळतं.

एम्प्टी तर हिशोबाच्या आकड्यांना लावूच नका बाळा. फॉर्ममधून '0' असं अक्षररूपात आलेलं त्याला रिकामं वाटतं. शेतकऱ्यानं स्वतःच्या माणसांकडून माल उतरवून घेतला तर हमाली शून्य हे खरं उत्तर आहे, अन् एम्प्टी म्हणणार हमाली भरलीच नाही.

बिंदुसरा

बीडहून. मी मोबाइलचे फॉर्म करतो, टाइपस्क्रिप्टमध्ये. आमचा अनुभव लिहितो कारण तो मराठीतच येणार.

एका फॉर्ममध्ये वजनाचं फील्ड 'नंबर' टाइपचं होतं, स्ट्रिक्ट मोड चालू, 'स्ट्रिक्ट प्रॉपर्टी इनिशियलायझेशन' पण चालू म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये भरलं नाही तर टाइपस्क्रिप्ट ओरडते. सगळं हिरवं. अन् एका काकांनी मराठी कीबोर्डवरून १८४० टाकलं. देवनागरीत. जावास्क्रिप्टला देवनागरी अंक आकडे म्हणून कळत नाहीत, त्याचं नंबरमध्ये रूपांतर केलं की 'नॅन' (नॉट अ नंबर, आकडा नाही) येतं. अन् नॅनचा टाइप विचारला तर तो 'नंबर'च आहे, म्हणून टाइपस्क्रिप्टला काही तक्रार नाही. तसंही टाइपस्क्रिप्टची सगळी तपासणी कोड लिहिताना होते, फोनवर चालतो तेव्हा ते टाइप पुसलेले असतात.

पुढं मी तपासणी लिहिली होती की वजन शून्य किंवा कमी असेल तर अडवा. नॅन कशापेक्षाही कमी, जास्त किंवा बरोबर आहे का विचारलं तरी उत्तर खोटं येतं, म्हणून नॅन शून्यापेक्षा कमी पण नाही अन् शून्याएवढं पण नाही, गेलं पुढं निघून. आता मी उलटं लिहितो, वजन शून्यापेक्षा जास्त 'नसेल' तर अडवा. यात नॅन अडकतं. अन् त्याच्या आधी देवनागरी अंक इंग्रजी अंकात बदलून घेतो, काकांना कीबोर्ड बदला म्हणून सांगणं बरोबर नाही, आकडे त्यांनी बरोबरच टाकले होते.

दुधना

बिंदुसरा, वर्गात यावर एक पूर्ण तास घेता येईल! पायथॉनमध्ये इंट आणि फ्लोट दोघांनाही देवनागरी अंक कळतात, '१८४०' दिलं की सरळ १८४० मिळतं. जावाच्या इंटिजरच्या पार्स-इंटला पण कळतात. पीएचपीत जबरदस्तीनं फ्लोट कास्ट (रूपांतर) केलं तर गुपचूप शून्य, पण फ्लोट टाइपच्या फील्डात टाकायला गेलात तर टाइप एरर. म्हणून दादा, फॉर्ममधून आलेलं आधी कास्ट करून मग फील्डात टाकत असाल तर ते आधी बंद करा, टाइप लावून काही उपयोग होणार नाही.

आता पायथॉन, मुलांसाठी लिहितेच. तिथं मांजराकाठ दादांची चूक आजही जशीच्या तशी होते, इशारा सुद्धा येत नाही. सेल्फ डॉट डब्ल्यूवालं वजन असं लिहिलं की नवं फील्ड तयार. डेटाक्लास हा क्लास लिहायचा सोपा प्रकार २०१८ ला ३.७ मध्ये आला, फील्डं वर ओळीनं टाइपसकट लिहिता येतात, दिसायला छान. पण मुलांना वाटतं टाइप लिहिला म्हणजे पायथॉन तपासतो. नाही तपासत. फ्लोट लिहिलेल्या फील्डात गावाचं नाव टाकलं तरी घेतो. चुकीच्या नावाचं फील्ड बाहेरून चिकटवलं तरी घेतो. ते अडवायचं तर स्लॉट्स (चालणाऱ्या नावांची ठरलेली यादी) पाहिजेत, ३.१० पासून डेटाक्लासलाच 'स्लॉट्स ट्रू' सांगता येतं, मग यादीत नसलेलं नाव आलं की अ‍ॅट्रिब्यूट एरर. एक लक्षात ठेवायचं, वरच्या क्लासला स्लॉट्स नसतील तर खालच्याला लावून दार उघडंच राहतं.

अन् एक चूक मी दरवर्षी सात-आठ मुलांच्या वहीत बघते. पट्टी क्लासमध्ये वरच, कुठल्याही मेथडच्या बाहेर, कट्ट्यांची रिकामी यादी लिहितात. ती यादी सगळ्या पट्ट्यांची मिळून एकच असते. पहिल्या शेतकऱ्याचे ३० कट्टे टाकले, दुसऱ्याचे १२, अन् दुसऱ्याच्या पट्टीवर ४२. एका मुलीनं प्रात्यक्षिकात हे बघितलं अन् म्हणाली, मॅडम हे तर दोघांचा माल एकाच ढिगात ओतला. अगदी तसंच आहे. यादी कन्स्ट्रक्टरमध्ये तयार करायची, म्हणजे प्रत्येकाचा ढीग वेगळा. डेटाक्लासला थेट रिकामी यादी दिली तर तो स्वतःच व्हॅल्यू एरर देऊन अडवतो, हे त्याचं मला फार आवडतं.

गोदाकाठ

मॅडम, बाकी सगळं मान्य पण शून्य काढून टाका हे मला पटत नाही. तुम्ही वर्गातून बघताय. हंगामात सकाळी मोंढ्यात पन्नास माणसं उभी, मुनीमानं बटण दाबलं अन् स्क्रीनवर एरर, तर दुकान बंद पडतं. शून्य असेल तर निदान पट्टी निघते, चूक दिसली की हातानं दुरुस्त करता येते. चालू धंद्यात सॉफ्टवेअर थांबणं ही पण चूकच आहे.

दुधना

थांबणं चूक आहे हे मान्य. पण दोन हंगाम चुकीच्या पट्ट्या निघाल्या अन् कोणाला दिसलं नाही, हा याच धाग्यातला पुरावा आहे. 'चूक दिसली की दुरुस्त करू' यातलं 'दिसली की' कुठून आणणार? वजन शून्य असलेली पट्टी दिसेल एकवेळ. तोलाई शून्य असलेली कोण बघणार.

लोखंडगल्ली_जालना

दोघांचंही बरोबर आहे. मी किंमत देऊन ठेवतो म्हणालो ते खरं, पण शून्य देत नाही. काट्याला कधीच येणार नाही असा आकडा देतो, उणे एक. मग छापायच्या आधी तपासतो. शून्य खरंच येऊ शकतं अशा जागी शून्य ठेवलं की 'भरलंच नाही' अन् 'भरलं ते शून्य' यातला फरक पुसला जातो.

गोदाकाठ

उणे एक चुकून बेरजेत गेलं तर?

लोखंडगल्ली_जालना

गेलंय एकदा. म्हणून नवीन कोडला 'ऑप्शनल' वापरतो, सी प्लस प्लस १७ पासून आहे. त्यात रिकामं म्हणजे रिकामं, काढायच्या आधी भरलंय का ते विचारून घेतो.

मांजराकाठ

सगळ्यांचं वाचलं, रात्री दोनदा वाचलं. एक अडचण सांगतो, ती मी आधी लिहिली नव्हती. शून्य मी आळसानं टाकलं नव्हतं. माल सकाळी येतो, काटा होतो, तेव्हा भाव ठरलेलाच नसतो. सौदा दुपारी. हमाली कधी कधी संध्याकाळी कळते. म्हणजे पट्टीचा ऑब्जेक्ट दिवसभर अर्धवटच असतो, अन् अर्धवट असणं ही चूक नाही, धंदाच तसा हाय. कन्स्ट्रक्टरमध्ये सगळं मागायचं म्हणलं तर सकाळी ऑब्जेक्ट तयारच करता येणार नाही. म्हणून सगळीकडं शून्य.

दुधना

दादा, मग सकाळी जे तयार होतं ती पट्टी नाहीच ना. तुम्ही स्वतः त्याला काय म्हणता, दुकानात?

मांजराकाठ

आवक. आवक-चिठ्ठी.

दुधना

मग क्लास पण आवकच करा. त्यात शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, कट्टे, वजन. भावाचं फील्ड त्यात ठेवूच नका, शून्य का रिकामं हा प्रश्नच राहणार नाही. पट्टी हा दुसरा क्लास. त्याच्या कन्स्ट्रक्टरला आवक, भाव, हमाली, तोलाई सगळं द्यावंच लागेल, अन् तिथंच तपासायचं, वजन अन् भाव शून्यापेक्षा जास्त आहेत का, हमाली-तोलाई उणे नाही ना. एकही गोष्ट कमी असली तर पट्टी जन्मालाच येणार नाही. सकाळची नोंद मात्र थांबणार नाही, आवक केव्हाही होते. गोदाकाठ यांची पन्नास माणसं उभी राहायची अडचण पण यात सुटते, कारण एरर येईल ती एकाच पट्टीला, बाकी दुकान चालू.

गोदाकाठ

हे पटलं मॅडम. माझा हट्ट मागं घेतो. जावात मी हेच रेकॉर्डनं केलं असतं, जावा १६ पासून आहे, फील्डं आपोआप फायनल होतात अन् तपासणी छोट्या कन्स्ट्रक्टरमध्ये लिहिता येते. पीएचपीत ८.२ ला 'रीडओन्ली क्लास' आलाय, भाऊ पट्टीला तोच लावा. एकदा भरलेलं फील्ड पुन्हा बदलता येत नाही, अन् अशा क्लासवर डायनॅमिक फील्ड अजिबात चालत नाही, तुमच्या मित्राचा तो अ‍ॅट्रिब्यूट लावायला गेलं तरी पीएचपी लावू देत नाही. फेरकाटा झाला की जुन्या पट्टीत बदल करायचा नाही, नवीन आवक अन् नवीन पट्टी, जुनीवर रद्दचा शिक्का. कागदावर पण असंच करतात ना.

मांजराकाठ

हौ, कागदावर असंच करतात. मुनीम खाडाखोड करत नाही, आडवी रेघ मारून दुसरी पट्टी फाडतो. मी कॉम्प्युटरवर मात्र त्याच पट्टीत वजन बदलायला गेलो.

नांदेडचा_बीसीए

सर एक विचारू का, स्पेलिंगचं काय करायचं? माझ्याच प्रोजेक्टमध्ये आत्ता शोधलं तर हमाली एका फाइलमध्ये एक ए नं अन् दुसरीत दोन ए नं निघाली. सगळं इंग्लिश करू का, वेट, लेबर वगैरे?

मांजराकाठ

मी पण हाच विचार केला होता. पण तोलाईला इंग्लिशमध्ये काय म्हणणार? वेइंग चार्ज लिहिलं तर मुनीम अन् मी बोलताना वेगळे शब्द, कोडमध्ये वेगळे, त्यातून अजून चुका. मराठी शब्द रोमनमध्ये लिहायची ठरलेली पद्धत नाही, प्रत्येकाच्या बोटाला वेगळी सवय. व्ही का डब्ल्यू, एक ए का दोन, घट ला टी एक का दोन. म्हणून आता भिंतीला एक कागद चिकटवलाय, त्यावर ३८ शब्द, शब्दापुढं एकच स्पेलिंग. नवीन फील्ड करायचं तर आधी त्या कागदावर लिहायचं.

बिंदुसरा

पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी चौघांतही फील्डाचं नाव देवनागरीत लिहिता येतं बरं का. 'वजन' हे देवनागरीत एकाच प्रकारे लिहिलं जातं. मी घरच्या छोट्या हिशोबाला करून बघितलंय, चालतं. पण कीबोर्ड सारखा बदलावा लागतो, डॉट अन् कंस इंग्रजी, नाव मराठी, हात दुखतो. अन् तोलाईतली ई कोणी ऱ्हस्व केली की पुन्हा तेच.

गोदाकाठ

कागद चांगला, पण कागद वाचायचं माणसानं विसरू नये म्हणून पीएचपीस्टॅन पण लावा. कोड न चालवता वाचतं अन् क्लासमध्ये नसलेलं फील्ड जिथं जिथं वापरलंय तिथं बोट ठेवतं. फेरकाटा महिन्यातून तीनदा होतो, म्हणजे ती ओळ चालेपर्यंत इशारा येणारच नाही. हे आधीच सांगतं. पायथॉनवाल्यांना याच कामासाठी मायपाय.

दुधना

मायपायबद्दल एक. बाहेरून चुकीचं नाव लावलं तर तो पकडतो. क्लासच्या आत, मेथडमध्ये सेल्फला चुकीचं नाव लावलं तर त्याला वाटतं तुम्ही नवं फील्डच लिहिताय, अन् गप्प बसतो. स्लॉट्स पण पाहिजेतच.

मांजराकाठ

मंडळी, उशिरा लिहूलालो, हंगाम चालू होता.

आवक अन् पट्टी वेगळे केले. पट्टी रीडओन्ली, सगळी फील्डं टाइपसकट कन्स्ट्रक्टरच्या कंसातच लिहिली, पीएचपी ८.० पासून तसं करता येतं, त्यामुळं लिहायचं पण कमी झालं. पैसे आता पैशांत ठेवतो, पूर्णांकात, अन् वजन ग्रॅममध्ये, फ्लोटची भानगडच काढली. पीएचपीस्टॅन पहिल्यांदा चालवलं तेव्हा व्ही-डब्ल्यूसारखी अजून एक जोडी निघाली, बारदान्याच्या वजनात, ती दोन ए ची होती. पण तो फॉर्म कोणी वापरतच नव्हतं, त्यामुळं पैसे गेले नाहीत.

पहिल्या दिवशी तीन पट्ट्या अडल्या. दोनदा भाव टाकायचा राहिला होता. तिसरीला मुनीमानं वजनाच्या जागी भाव अन् भावाच्या जागी वजन टाकलं होतं, ते माझ्या तपासणीत अडकायचं कारण नव्हतं, दोन्ही शून्यापेक्षा जास्तच. ते अडलं कारण मी जाता जाता अजून एक ओळ लिहिली होती, की कट्ट्यामागं वजन १२० किलोच्या वर जात असेल तर विचारा. ती ओळ मुनीमानंच सुचवली होती.

अन् जुन्या पट्ट्यांचं. फाइलींमधून फेरकाट्याच्या ३१ चिठ्ठ्या निघाल्या. २७ वाचता आल्या. त्यात २२ जणांना कमी पैसे गेलेत, ५ जणांना जास्त. आडतदारांसमोर सगळा हिशोब ठेवला, काय चुकलं, कुणामुळं चुकलं ते सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मुनीमाला म्हणाले २२ जणांचं काढ, ५ जणांचं सोडून दे. १९,४६० रुपये झाले. त्यातले १७ जण येऊन घेऊन गेले, उरलेल्या पाच जणांना फोन लागले नाहीत पण गावं माहीत हायत.

उरलेल्या चार चिठ्ठ्यांवरची छपाई उडालीय, कागद उन्हाला धरला तरी फक्त तारीख अन् अर्धं नाव दिसतं. शेतकऱ्याकडं त्याची प्रत असंल तर कळेल. रविवारी मुनीम अन् मी मोटरसायकलवर निघणार, चार गावं हायत.

दुधना

थर्मल कागद (उष्णतेनं छपाई होणारा) असेल तर तो उन्हाला धरू नका दादा, छपाई अजून उडेल. घरात टांगलेल्या प्रती पण तशाच असतील, गेल्या गेल्या फोटो काढून घ्या.